पुढच्या खोलीचा ताबा

दि. २ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांतले दोन तुझ्या चपलांना, कारण जास्त कष्ट त्यांनाच पडतात.

बोटीवर तिकिटं फाडायची नोकरी सोडलीस हे वाचलं. धक्का बसला नाही. रोपवाटिका तू चार महिन्यांत सोडलीस, फोटो स्टुडिओ सहा आठवड्यांत. त्या मानाने बोटीने तुला पाच महिने सांभाळलं हेच विशेष. तुझे वडील कपाळाला हात लावून म्हणतात, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हटलं, आहे ना, मग तिचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.

काम असं आहे. माझं दुसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर तू कधी पाहिलं नाहीस. नऊ वर्षं ते एका बाईंना भाड्याने दिलंय. एकट्याच आहेत, कवळ्या बनवतात. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, या दात बसवून देतात. भाडं वेळेवर, तक्रार शून्य. पण आता मला माझं घर परत हवंय. विकायला नाही, राहायला. हे फक्त तुला सांगते. दादाकडे मला काही कमी नाही. सून गुणाची, नातवंडं गोड, आणि दादा दिवसातून चार वेळा विचारतो, आई, बरं वाटतंय ना? पस्तीस वर्षं हेड नर्स म्हणून मी हाच प्रश्न खाटेखाटेला विचारत हिंडले. लोकांना किती वैताग येत असेल ते आत्ता कळलं.

करार ३१ मे रोजी संपतो. पण त्यात एक कलम आहे. दोन महिने आधी, म्हणजे ३१ मार्चच्या आत, नोटीस हातात देऊन सही घेतली नाही, तर करार आपोआप आणखी तीन वर्षं वाढतो. हे कलम मीच आग्रहाने घालून घेतलं होतं, चांगला भाडेकरू पळून जाऊ नये म्हणून. मी आता अडुसष्टची आहे. तीन-तीन वर्षांचे गठ्ठे उचलून द्यायला माझ्याकडे फार माल शिल्लक नाही.

सोबतच्या लिफाफ्यात पत्ता, कराराची प्रत, नोटीस आणि घर तपासण्याचे माझे बारा प्रश्न आहेत. प्रवासखर्च आणि आठ दिवस राहण्याचे पैसे वेगळे पाठवलेत. आधी लिफाफा उघड, मग गावात पाय ठेव. फोन करू नकोस. फोन दिवाणखान्यात आहे, आणि माझ्या प्रत्येक फोनला घरातले तीन श्रोते लाभतात.

जपून राहा, वेळेवर जेव, आणि माया आहे ती रागावण्यातूनच ओळखत जा.
तुझी,
आत्या

*

दि. ११ मार्च
पत्ता: खालच्या लॉन्ड्रीवाल्यांच्या मार्फत

ती. आत्यास,
धूळभरल्या पायांनी शि. सा. न. वि. वि.

पोहोचले. बसमध्ये माझ्या शेजारी एक चष्मे विकणारा होता. त्याने मला अकरा चष्मे लावून पाहायला दिले, त्यामुळे निम्मा रस्ता मला अंधूक दिसला आणि निम्मा फारच जवळ. तो म्हणाला, नजर चांगली असलेलं गिऱ्हाईक म्हणजे धंद्याला शाप. मग आम्ही… असो. मूळ मुद्दा.

घर पाहिलं. छान आहे गं! तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. ओल फक्त मोरीच्या भिंतीला, तळहाताएवढी, आकार बदकासारखा. खिडक्या सगळ्या लागतात, एक सोडून, तिला खांद्याने ढकलावं लागतं, पण उजव्या खांद्याने, डाव्याने नाही. मोरीतला नळ बंद केला की सात थेंब पडतात. आठवा पडायला वेळ लावतो, त्याची वाट बघत उगाच जागं राहावं लागतं. पुढच्या खोलीत ऊन आधी पलंगाच्या पायथ्याशी येतं, मग गुडघ्यावर. स्वयंपाकघरातली तिसरी फरशी हलते. ती हलली की तुझ्या भाडेकरू मावशी आतून ओरडतात, कोण गं? मधल्या खोलीत त्यांचं काम चालतं. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, एक लहान भट्टी, आणि खिडकीत वाळत घातलेल्या दातांच्या ओळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, खोली माझ्याकडे बघून हसतेय. खालचे लोक ठोकाठोकीबद्दल कुरकुर करतात, पण मावशींनी त्यांच्या आजोबांची कवळी फुकट घट्ट करून दिली, तेव्हापासून कुरकुर स्पष्ट उच्चारांत ऐकू येते एवढंच.

पाचव्यापासून बाराव्यापर्यंत सगळं ठीक. पहिले तीन वर आलेच.

नोटीस अजून द्यायची आहे. रविवारी मावशी मेण वितळवत होत्या, काल एक मास्तर दात न्यायला आले होते, आणि आज त्यांचा मूड इतका चांगला होता की मलाच कसंतरी वाटलं. देते उद्या.

माझ्यावरचा लोभ ढळू देऊ नकोस, निदान पुढचं पत्र येईपर्यंत तरी.
तुझी,
भिंगरी

*

दि. १६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. सोबत थोडा संशयही पाठवत आहे, तो जपून उघड.

पहिली गोष्ट, भाडेकरूला मावशी म्हणायचं नाही. एकदा मावशी म्हटलं की ना भाडं वाढवता येत, ना घर रिकामं करून मागता येत. म्हणून मी नऊ वर्षं त्यांना पत्रात ‘बाई’ म्हणते, आणि त्या मला ‘मालकीणबाई’. संबंध उत्तम आहेत.

दुसरी गोष्ट. घर पाहायला गेलेला माणूस नळ उघडतो, बंद करतो आणि निघतो. आठव्या थेंबासाठी जागा राहत नाही. ऊन गुडघ्यावर कधी येतं? गुडघे पलंगावर असले की. कुणाचे गुडघे, भिंगरी?

तिसरी गोष्ट, मी बारा प्रश्न विचारले होते. तू चौथा खाल्लास. चौथा असा होता: घरात रोज किती माणसं झोपायला असतात? वॉर्डात तक्त्यातला एक रकाना रिकामा दिसला की मी सगळ्यात आधी त्याच खाटेकडे जायचे.

आणि चौथी. ज्या लॉन्ड्रीच्या मार्फत तुला मी हे पत्र पाठवतेय, ती लॉन्ड्री माझ्याच घराखाली आहे. तू उतरली आहेस कुठे?

नोटीस दिलीस का, एवढं एका ओळीत कळव. १६ तारीख झाली.

तुझ्यावरचा विश्वास अजून भाड्याने दिलेला नाही, माझ्याच ताब्यात आहे. तो तसाच राहू दे.
तुझी,
आत्या

*

दि. २१ मार्च
पत्ता: तोच

ती. आत्यास,
कान धरून शि. सा. न. वि. वि.

एका ओळीत: नाही दिली.

आता बाकीच्या ओळी. रागावू नकोस, किंवा रागाव, पण शेवटपर्यंत वाच. मी गावात पोहोचले तेव्हा तुझा लिफाफा पिशवीत सगळ्यात खाली होता, वर चष्मेवाल्याने दिलेली तीन रिकामी खोकी. म्हटलं, आधी टेकायला जागा बघू, लिफाफा सकाळी उघडू. बसस्टँडसमोरून चालत गेले तर एका लॉन्ड्रीच्या भिंतीवर कार्ड होतं: शांत स्वभावाच्या एकट्या बाईसाठी खोली, चौकशी वर. मी शांत स्वभावाची नाही, पण एकटी होते. वर गेले. एका बाईंनी दार उघडलं, हाताला प्लास्टर, कपाळाला प्लास्टर. त्यांनी विचारलं, तुमचे दात खरे आहेत का? म्हटलं, हो. म्हणाल्या, बरं झालं, खोलीत राहणाऱ्याच्या तोंडात तरी काम नको. खोली दिली. मी महिन्याचं भाडं मोजून दिलं.

सकाळी शहाण्यासारखा लिफाफा उघडला आणि पत्ता विचारत निघाले. पोस्टमनने सांगितलं, डावीकडे. भाजीवाल्याने सांगितलं, पुढून उजवीकडे, मग पाण्याच्या टाकीला वळसा घाल. तासभर हिंडले, मध्ये एक मांजर ट्रकखाली अडकलं होतं ते काढलं, आणि शेवटी एका शाळकरी पोरीने बोट दाखवलं ते दार ओळखीचं वाटलं. ओळखीचं वाटणारच. मी तिथूनच निघाले होते. दोरीवर माझाच टॉवेल वाळत होता.

म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर दोन. त्यातली एक मी.

कराराची प्रत मग वाचली. कलम सात: पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. आत्या, तुझी पोटभाडेकरू मीच आहे. आणि पैशाचं म्हणशील तर तू मला राहण्यासाठी पैसे दिलेस, ते मी मावशींना… बाईंना दिले, त्यांनी त्यात भर घालून तुलाच भाडं पाठवलं. तुझ्या घराचं भाडं थोडंफार तूच भरते आहेस. यात कुणाचं नुकसान झालं ते मी दोनदा मोजून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळं आलं.

नोटीस रोज सकाळी हातात घेते. दारापर्यंत जाते. मग त्या म्हणतात, आलीस का, धर हे. आणि मी साचा धरते. काल मी पहिल्यांदा एकटीने साचा ओतला, एकही बुडबुडा नाही! सव्वीस माणसांचे दात इथे अर्धवट आहेत. त्या भट्टीसकट जाणार कुठे, हा विचार मनात आला की लिफाफा जड होतो. पण मग तू चार वेळा बरं वाटतंय म्हणत बसलेली दिसतेस, आणि तोच लिफाफा खिशात टोचायला लागतो. माझं डोकं एका वेळी दोन घरांत राहू शकत नाही गं.

लोभ असावा असं लिहायची आज हिंमत नाही. जेवढा उरला असेल तेवढा कळव.
तुझी,
भिंगरी

*

दि. २५ मार्च

भिंगरीस,
आशीर्वाद. मोजके.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळेत शिकवताना तुला कुणी बाकावर उभं केलं होतं का? कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं. इथे कुंपण शेताला भाडं देऊन राहतंय, आणि वर बुडबुडा नाही म्हणून शाबासकी मागतंय.

तुझं पत्र मी न्हाणीघरात बसून वाचलं, तिथे तरी कुणी विचारत नाही. मग मला इतकं हसू आलं की दादाने बाहेरून विचारलं, आई, बरं वाटतंय ना?

पण हसून झालं की तारीख बदलत नाही. नीट ऐक. कलम सात मोडलं म्हणून मी बाईंना उद्याही बाहेर काढू शकते. काढणार नाही. माझ्याच भाचीला ठेवून घेतल्याबद्दल मी त्यांच्यावर कज्जा लावला तर वकीलसुद्धा फी घेण्याआधी हसून घेईल. नोटीसच द्यायची. सरळ, तोंडावर. मला ठाऊक आहे त्या कष्टाळू आहेत. नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही मोरीच्या ओलीबद्दल लिहिलं नाही. न कुरकुरणाऱ्या माणसाला घर सोडायला सांगणं सगळ्यात अवघड, म्हणून तर मी ते काम तुझ्यावर ढकललं. हे आता कबूल करते.

तरीही मला माझं घर हवंय. काल इथे माझं कपाट गॅलरीत हलवलं, नातीच्या व्यायामाच्या सायकलला जागा हवी होती म्हणून. मला आधी विचारलं सगळ्यांनी, अगदी प्रेमाने. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३१ तारीख सोमवारी आहे. सही घे.

जेवढा उरलाय तेवढा लोभ तसाच आहे. खर्चू नकोस.
आत्या

*

दि. ३० मार्च

श्रीमती मालकीणबाई यांस,
सा. न. वि. वि. हे पत्र भाड्यासोबतचं नाही, म्हणून अक्षर जरा बिचकल्यासारखं आलंय.

तुमची नोटीस मिळाली. सही करून एक प्रत सोबत जोडली आहे. तारीख आजची, म्हणजे मुदतीच्या आत आहे, काळजी नसावी. तुमच्या भाचीने काल ती माझ्या खोलीच्या दाराखालून सरकवली आणि जिना उतरून पळाली. तासाभराने परत आली, कारण अनवाणी पळाली होती.

तिला बोलू नका. ती कोण हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिने लिफाफा खिडकीत ठेवला होता, आणि त्यावरचं अक्षर मी नऊ वर्षं भाड्याच्या पावत्यांवर पाहते आहे. आत काय असेल तेही उमगलं. करार संपत आलाय हे मला माहीत होतंच. तीन आठवडे पोरगी रोज सकाळी नोटीस घेऊन दारात यायची, चेहरा दात काढायला आल्यासारखा, आणि मी तिच्या हातात साचा द्यायची. तिची सुटका होत होती असं मी स्वतःला सांगायची. खरं तर सुटका माझीच होत होती.

आता माझी चूक. कलम सात मी वाचलेलं आहे. पण डोळे पूर्वीसारखे चालत नाहीत, काम कमी घेते, आणि तीन खोल्यांचं भाडं दोन वर्षं जड जातंय. तुम्हाला लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग लहान जागा बघा. म्हणून गप्प राहिले आणि कार्ड लावलं. ओलीबद्दल गप्प राहिले तेही त्याच भीतीने. मी कुरकुरत नाही असा तुमचा समज असेल. मी भरपूर कुरकुरते. फक्त तुम्हाला कळवत नव्हते.

भाची म्हणाली, तुम्हाला विकायचं नाही, राहायचं आहे. राहा. हक्काचं आहे. मी ३१ मे रोजी किल्ली देईन. पण एक विचारते, तोंडावर विचारायला लाज वाटली असती म्हणून लिहिते. तुम्ही मला घराबाहेर काढताच आहात, तर फक्त अर्ध्या घराबाहेर काढता येईल का? मला मधली खोली आणि भट्टी पुरे. पुढची खोली उन्हाची आहे. स्वयंपाकघरात दोघींच्या चपला बसतील. मी पहाटे उठते, ठोकते, आणि स्वतःशी बोलते. हे आधीच सांगितलेलं बरं.

नाही म्हणालात तरी मन दुखावणार नाही, नेहमीप्रमाणे वेळेवर सावरेल.
आपली नम्र,
मधल्या खोलीतली बाई

*

दि. ६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, पूर्ण मापाचे.

बाईंचं पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवलं. पहिल्या दिवशी राग आला, मला राग आलेला फार दिवसांनी, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला की अडुसष्टाव्या वर्षी मी तीन खोल्यांत नेमकी काय करणार आहे? एकीत बसणार, दुसरीकडे बघणार, आणि तिसरीची धूळ पुसणार. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, शेजारी कुणी खोकलं नाही तर मला झोप लागत नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं आणि चौथ्या दिवशी कुणाला विचारलं नाही.

बाईंना सोबत वेगळं पत्र आहे. मधल्या खोलीचा नवा करार, भाडं त्या प्रमाणात. ओल आणि नळ माझ्या खर्चाने. पहाटेच्या ठोकण्याला हरकत नाही, स्वतःशी बोलण्याला आहे, माझ्याशी बोलावं.

आता तुझं. माझ्या आयुष्यात मी पहिली नोटीस लिहिली ती बजावायला तुला महिना लागला. म्हणून ही दुसरी मी स्वतःच बजावते, आणि ती तुला आहे. पुढची खोली २० एप्रिलपर्यंत रिकामी करून द्यावी. पोटभाडेकरूला कोणत्याही कलमाखाली काहीही मागता येत नाही, मी करार पुन्हा वाचला. टॉवेल दोरीवरून काढ. पलंग आहे तिथेच असू दे, मला ऊन गुडघ्यावरच हवं आहे.

दादाला सांगितलंय, आठ दिवसांसाठी जाते, नळाचं काम करून घ्यायला. खोटं नाही, नळाचं काम आहेच.

येते. आल्यावर रागवायचं राहिलेलं रागावेन, तोवर लोभ धरून बस.
तुझी,
आत्या

*

दि. ३० एप्रिल
पत्ता: बसस्टँडवरचं बाकडं, डावीकडून दुसरं

ती. दादास,
गुडघ्यावर पिशवी आणि पिशवीवर कागद ठेवून सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आई आठ दिवसांसाठी गेली ती अजून परतली नाही, फोन केला की चार शब्दांत ठेवते, आणि मागे कुणीतरी ठोकत असतं, हे सगळं खरं आहे. घाबरू नकोस. ठोकणाऱ्या दातमावशी आहेत. म्हणजे भाडेकरू. आत्यासुद्धा आता त्यांना मावशीच म्हणते, मला ओरडून झाल्यावर.

मला घरातून काढलंय, रीतसर. वीस तारखेला पुढची खोली सोडली, मग दहा दिवस स्वयंपाकघरात हलत्या फरशीवर झोपले. काल आत्याने पाहिलं की मी झोपेतसुद्धा त्या फरशीला पाय लावून आहे, जायचं मन नाही. कधी नव्हे ते मला कुठेतरी राहावंसं वाटलं आणि नेमकी तिथूनच नोटीस. आत्या म्हणाली, एका घरात भिंगरी आणि हेड नर्स दोघी मावत नाहीत. मावशींनी दुसऱ्या गावातल्या एका दात बनवणाऱ्या कारखानदारिणीला चिठ्ठी दिली आहे. साचे ओतायला माणूस हवंय तिला. बस साडेअकराची होती, ती गेली, मी एका माणसाला त्याची हरवलेली छत्री शोधून देत होते. आता एकची आहे.

आत्याची तब्येत उत्तम. फक्त ती घरमालकीण आहे की राहणारी, हे तिचं तिलाच अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी नळाखाली बादली लावताना म्हणते, या घरमालकिणीला काही पडलेलीच नाही, नऊ वर्षं नळ गळतोय! दुपारी प्लंबर आला आणि त्याने आकडा सांगितला की तीच म्हणते, हल्लीच्या राहणाऱ्यांना सगळं लगेच हवं असतं. तिचं आणि मावशींचं रोज भांडण होतं. परवा आत्याने साच्यांची खोकी आकारमानाप्रमाणे लावली, वॉर्डात लावतात तशी, आणि मावशींना एका वकिलाचे दात दोन तास सापडले नाहीत. मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या, मालकीणबाई, मधल्या खोलीचा ताबा माझ्याकडे आहे. आत्या नंतर मला हळूच म्हणाली, बाई बरोबर बोलली. तुझी आई कुणाला बरोबर म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

तू विचारलंस ती परत कधी येणार. मी तिलाच विचारलं. म्हणाली, त्याला सांग, सुट्टीत सगळे या, पण आधी कळवा, पुढच्या खोलीत एका वेळी दोघंच मावतात. तू काही कमी केलंस असं तिच्या मनात नाही, दादा. ती तुझी आठवण काढते, विशेषतः दिवसातून चार वेळा.

आता ती आली त्या दिवशीचं सांगते आणि थांबते, बसचा हॉर्न वाजतोय, बहुतेक माझीच आहे. हातात एक बॅग आणि काठी. मावशी दारात उभ्या, धुतलेले हात पदराला पुन्हा पुसत. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, नऊ वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर. मी चहा टाकला. आत्या सरळ पुढच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. आम्ही बाहेर कप धरून उभ्या. कडी उघडली. आम्हाला वाटलं, येतेय. कडी पुन्हा लागली. मग उघडली. मग लागली. पाच-सहा वेळा तरी. मावशींनी घाबरून मला विचारलं, अडकते का गं, सुताराला बोलावू? मी दाराला तोंड लावून विचारलं, आत्या, कडी अडकतेय का?

आतून म्हणाली, नाही गं, छान लागते. तुम्ही घ्या चहा, मी जरा वेळ उघडणार नाही.

बाकी काय, वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. माझा पत्ता ठरला की कळवीन, नाही ठरला तर तसं कळवीन. लोभ मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत राहा, कुणीतरी पुढे धाडेल.
तुझी,
भिंगरी